भेगेवरचा नकाशा

आमच्या हेडमास्तरांची अक्कल गुडघ्यात आहे, हे मला ठाऊक होतं. पण गुडघाही इतका रिकामा असेल असं वाटलं नव्हतं. शाळा पाडून नवी बांधा म्हणून हे गृहस्थ वर्षानुवर्षं वरच्यांच्या विनवण्या करत होते. शेवटी पाडायची की डागडुजी करायची, हे ठरवायला समिती येणार असं कळलं, तर यांनी काय करावं? शाळा रंगवून घेतली!

"पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायला नको का, बाई?" वर मलाच शहाणपण.

माझ्या चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीला हात आत जाईल एवढी भेग आहे. तिच्याखालच्या बाकावर माझीच मुलगी बसते. तिला पुढे घेतलं तर बाकीच्या आया मला सोडतील का? आणि त्यांची तरी पोरं काय वाटेवर पडली आहेत? त्या भेगेवर हेडमास्तरांनी जगाचा नकाशा टांगला.

समिती आली. मुलं स्वागताला मैदानात रांगेत उभी. इंजिनिअर खांब ठोकून बघायला गेला, तेवढ्यात हेडमास्तर ओरडले, "साहेब, रंग ओला आहे, हात खराब होतील!" साहेबांनी हात खिशात घातला तो घातलाच. असले हे जाणकार.

बैठक माझ्याच वर्गात भरली, कारण तो सगळ्यात सजवलेला. अध्यक्ष नकाशाखाली ऐसपैस बसले. "इमारत तर ठणठणीत आहे! पाडायची कशाला? वरवरची डागडुजी पुरे." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात इंजिनिअरही.

हेडमास्तरांचा चेहरा खाडकन उतरला.

"आता तरी बोला," मी कुजबुजले.

"आता कसं बोलू? लपवलं असं वाटेल हो."

माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि नकाशा ओढून काढला. भेगेतून मैदान दिसलं, रांगेतली पोरं दिसली. अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं, खुर्ची उचलली आणि थेट दारापाशी नेऊन ठेवली.

"ठराव झालाय, बाई," तिथून ते म्हणाले. "तो नकाशा परत लावा."

मी नकाशा गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मैदानात गेले.

"दप्तरं उचला रे," मी पोरांना म्हटलं. "आजपासून आपला वर्ग हेडमास्तरांच्या खोलीत."