तेलाच्या टोपणाची चौकशी

भावोजींनी स्वतः फोन केला होता, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर ही गोष्ट सगळेच सोयीस्करपणे विसरले.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये माझे जोडीदार. एकवीस वर्षांची नोकरी. त्या सकाळी ते इंजिनात तेल भरत असताना साहेबांनी त्यांना दोनदा दुसऱ्या विमानाकडे पळवलं. ड्यूटी संपवून घरी आले, जेवायला बसले आणि आठवलं: टोपण नुसतं टेकवलंय, आवळलेलं नाही. उष्ट्या हातानेच शेडला फोन लावला. विमान नुकतंच उडालं होतं. मागे फिरवलं. उतरलं तेव्हा निम्मं तेल गेलेलं, पण माणसं सगळी सुखरूप.

मला वाटलं, आता यांची पाठ थोपटतील. कसलं काय! तिसऱ्या दिवशी चौकशी. मधेच कामावरून कुणी उठवलं, हा प्रश्न कुणाच्या ओठांवरही आला नाही. कागदावर 'टोपण आवळले' यापुढे सही कुणाची? भावोजींची. झालं, चोर सापडला.

आता या सहीची गंमत ऐका. कागद ऑफिसात, ऑफिस शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. दर कामाला तिथे हेलपाटे घालत बसलं तर विमान उडायचं कधी? म्हणून ड्यूटी सुरू होतानाच सगळ्या रकान्यांत सह्या ठोकून आम्ही मोकळे. आम्ही म्हणजे सगळेच. साहेबांनाही ठाऊक.

भावोजींनी हे चौकशीत सांगितलं. साहेब शेजारीच होते, छताकडे बघत. मग मला आत बोलावलं.

"तुम्हीही आधीच सह्या करता?"

'हो' म्हटलं असतं, तर भावोजींचं विमानदुरुस्तीचं लायसन वाचण्याची आशा होती. पण मग माझंही टांगणीला लागलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

चौकशीवाल्यांनी भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी माझ्याकडे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हा नाही करत. मीच करतो."

लायसन गेलं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? ताईने दारातच धरलं. "तू होतास ना रे आत? काय सांगितलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर करवेना.

आतून भावोजींचा आवाज आला, "अगं, त्याला कुणी काही विचारलंच नाही. आत तर येऊ दे त्याला."