नेच्याची ताटली

सासूबाई पाच महिन्यांनी लेकीकडून परतणार होत्या, आणि त्यांचा कुंडीतला प्राणप्रिय नेचा सुनेच्या हातून केव्हाच गतप्राण झाला होता. बियाण्यांच्या दुकानात बारा वर्षे काम केलेल्या त्या बाईने दयाबुद्धीने त्याला सावलीतून उचलून उन्हाच्या खिडकीत ठेवले. पंधरवड्यात पानांचा भुगा झाला. शेवटच्या पानामागचे बीजाणूंचे तपकिरी ठिपके तेवढे तिने कागदावर झटकले, त्यांची धूळ ताटलीतल्या ओल्या मातीवर भुरभुरली आणि वर काच झाकली. त्या धुळीवरच आता तिची अब्रू टांगलेली होती.

"वहिनी, धूळ पेरून कुणी पीक घेतलेलं ऐकलंय का?" धाकटा दीर विचारी. तो घड्याळे दुरुस्त करी, आणि वेळ भरत आल्याची जाणीव तिला मोठ्या अगत्याने करून देई.

"भावजी, तोंड आवरा. कोंब आला की कळेल."

पण आठ दिवसांत दोन दलांचा कोंब पाहण्याची सवय असलेल्या तिच्या डोळ्यांना चार महिन्यांनंतरही दिसले ते केवळ हिरवे शेवाळ. सासूबाई यायच्या दिवशी तिने ते खरवडायला चमचा उचलला.

"थांबा! पुरावा नष्ट करण्याआधी बघू तरी." दीर डोळ्याला भिंग लावून वाकला. "शेवाळ नाही हो. पत्त्यातल्या बदामासारखी इवली पानं आहेत. पण नेच्याचा तोंडवळा काही नाही."

"म्हणजे तणच."

तेवढ्यात सासूबाई दारात उभ्या राहिल्या. सुनेने मान खाली घातली. "आई, तुमचा नेचा गेला माझ्या हातून."

"किती दिवसांत?"

"पंधरा."

"मग माझ्याहून बरी आहेस. माझ्या सासूबाईंचा मी आठवड्यात संपवला होता." त्या ताटलीवर वाकल्या. "चमचा ठेव. नेच्याचं पोर आधी आईवर जातच नाही. या बदामांवर पाणी राहिलं, की त्यांच्यातूनच खरा नेचा निघतो."

"घराणं विचित्रच," दीर पुटपुटला.

"तू गप्प बस. लहानपणी तूही कुणावर गेला नव्हतास." त्यांनी बोटे भिजवून पाणी शिंपडले. "निघेल दोन-तीन महिन्यांत. तोवर मी कुठे हलत नाही."

त्या वाक्याने सुनेला आयुष्यात प्रथमच हायसे वाटले.