प्रात्यक्षिकाचे सहा तास

माझ्या ताईने चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी हसलो तो मी.

"आता पाटी-दप्तर पण घे," मी म्हणालो.

तीही हसली. आई गेली तेव्हा ताई नववीत होती आणि मी चार वर्षांचा. तिने शाळा सोडली, कपड्यांच्या कारखान्यात काजं करायला बसली आणि मला शिकवलं. एकोणतीस वर्षं काजं केली तिने. मी नोकरीला चिकटलो, लग्न झालं, मुलगी झाली, मग कुठे तिला स्वतःची आठवण झाली. रविवारच्या वर्गांना जाऊन राहिलेल्या परीक्षा दिल्या आणि बालवाडीच्या बाई होण्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवला. त्यासाठी कारखाना सोडला. कारखान्याबरोबर तिथलं उपचाराचं कार्डही गेलं.

मी सरकारी आरोग्य योजनेच्या कार्यालयात कारकून आहे. अर्ज तपासणं हेच माझं काम. अठरा वर्षांपुढच्या विद्यार्थ्यांनाही दवाखाना, दात आणि डोळे या तिन्हींचा खर्च योजनेतून मिळतो. मोठी अट एकच: शिक्षण पूर्णवेळ हवं, आठवड्याला किमान एकवीस तास.

एका रविवारी ताई कोरा अर्ज घेऊन घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसली.

"छोट्या, इथे पालकाचं नाव विचारलंय. या वयात पालक कुठून आणू?"

"रेघ मार."

"दाढ फार छळतेय रे. आणि फळ्याची डावी बाजू दिसतच नाही. मान वळवली की दिसते. चष्म्याचा नंबर वाढला असणार." मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, "तूच बघशील ना माझा अर्ज?"

"नातेवाइकांचे अर्ज आम्ही बघत नाही, ताई. खिडकीवर दे. रांगेने येईल."

यात खोटं काही नव्हतं. ऑफिसात आलेल्या नव्या मॅडमनी तशी ताकीदच दिली होती. पण हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच कोरडा झाला, आणि बायकोने स्वयंपाकघरातून माझ्याकडे वळून पाहिलं.

तीन आठवड्यांनी शेजारच्या टेबलावरच्या नव्या कारकुनाने एक कागद वर धरला.

"अहो, या तुमच्या ताई ना? कॉलेजच्या दाखल्यावर अठराच तास आहेत. परत पाठवू?"

तो रुजू होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. प्रात्यक्षिकाचे तासही धरतात, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ते परिपत्रक मीच फायलीला लावलं होतं. ताई आठवड्यातून दोन सकाळी बालवाडीत शिकवायला जायची. ते सहा तास धरले की चोवीस होत होते. कॉलेजकडून दोन ओळींचं पत्र आणलं असतं तर काम झालं असतं.

"नियमात बसत नसेल तर पाठवा परत," मी म्हणालो.

मॅडम मागेच उभ्या होत्या, असं मी नंतर बायकोला सांगितलं. होत्याच. पण त्या नसत्या, तरी मी वेगळं काही बोललो असतो का? ऑफिसात चेष्टा चालायची, की साहेबांची ताई आता साहेबांच्या मुलीच्या वर्गात बसणार. मी वरवर हसायचो आणि आतून चिडायचो, तेही त्यांच्यावर नाही, तिच्यावर. ती कंटाळावी, मशीनवर परत जावी, सगळं पहिल्यासारखं व्हावं, असं मला कुठेतरी वाटत होतं.

नामंजुरीचं पत्र मिळालं त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"आपण अर्धवेळ निघालो रे. अख्खा आठवडा तर तिथेच राबते."

"पुढच्या वर्षी परत भर."

"बरं. तू म्हणतोस तर तसंच असेल," ती म्हणाली. मी त्या ऑफिसातला माणूस. माझ्यापुढे ती आणखी कोणाला विचारणार?

दाढ तिने एका स्वस्तातल्या डॉक्टरकडून उपटून घेतली. डोळ्यांचं मात्र राहूनच गेलं. दहा महिन्यांनी बालवाडीच्या पायरीवरून ती पडली. डावीकडची पायरी तिला दिसलीच नव्हती. तिथल्या मुख्य बाईंनी तिला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि मला बोलावून घेतलं.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डावा डोळा जवळजवळ गेलाय. गेलेली नजर परत येत नाही. उजवा आपण सांभाळू. वर्षभर आधी का नाही दाखवलं? बरंच वाचवता आलं असतं."

ताई म्हणाली, "अर्ज केला होता हो. बसत नव्हतं नियमात."

मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी स्वतः कॉलेजात गेलो, पत्र घेतलं आणि खिडकीवर रांगेत उभा राहिलो. अकरा दिवसांत अर्ज मंजूर झाला. मंजुरीचा कागद घेऊन तिच्या खोलीवर गेलो. तो तिच्या हातात देऊन गप्प बसता आलं असतं, पण बसवेना. सगळं सांगून टाकलं.

ती बराच वेळ कागदाची घडी बोटाने दाबत राहिली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"मी फोन केला, तेव्हाही?"

"हो, ताई."

थेंब घालायची वेळ झाली होती, मी बाटली घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, मला येतं." आरशासमोर उभी राहून तिने एकटीनेच थेंब घातले. एक गालावर ओघळला.

अभ्यासक्रम तिने पुरा केला, पहिल्या पाचांत आली. आता त्याच बालवाडीत ती शिकवते. मुलांना आपल्या उजव्या बाजूला बसवून घेते, म्हणजे सगळी नजरेत राहतात. आमच्याकडे येते, जेवते, माझ्या मुलीचा अभ्यास घेते. कोणाला वाटावं, काही झालंच नाही.

खिडकीबाहेर मी मोठ्या अक्षरांत सूचना लावून घेतली आहे: प्रात्यक्षिकाचे तास धरले जातात. ती वाचून लोक मला धन्यवाद देतात, आणि मी मान खाली घालून पुढचा कागद ओढतो.

मागच्या महिन्यात तिला कसलासा सरकारी फॉर्म भरायचा होता. तो तिने मुख्य बाईंकडून भरून घेतला. मला ते बायकोकडून कळलं.