धोंडूबाईच्या कणगीतली बाटली

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो, आणि दारूचीच आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. माझ्या पोटातलं तुम्ही प्यावं असं मी सांगणार नाही. ते केव्हाच संपलं. मला सांगायचंय ते एका माणसाबद्दल. त्याला चोर ठरवलं गेलं. तो चोर नाही हे मला ठाऊक होतं. पण माझ्या तोंडात बूच होतं.

माझा जन्म फ्रान्समधला. डोंगराच्या उतारावर द्राक्षांचा एक मळा होता. तुमच्या शाळेचं मैदान चार वेळा मांडलं तर तो संपेल, एवढाच. भोवती दगडी गडगा. मालकीण एक म्हातारी. द्राक्षं ती हातानेच तोडायची आणि किडका घड दिसला की शिवी देऊन फेकायची. १९९६ सालच्या द्राक्षांचा रस दीड वर्ष लाकडी पिंपात निजला, मग माझ्यात आला. जाणकार लोक त्या मळ्याचं आणि त्या सालाचं नाव घेताना आवाज खाली आणतात, असं मी ऐकलंय. मला त्याचं काही नव्हतं. मी डोंगराच्या पोटातल्या अंधाऱ्या खोलीत आडवी पडून होते. आमच्या जातीच्या बाटल्यांना पडून राहणं हेच काम. उभं केलं की बूच सुकतं, बूच सुकलं की वारा शिरतो, आणि वारा शिरला की सगळं आंबट.

चौदा वर्षांनी एक पाहुणा आला. कल्याणचे सुनिलसाहेब, इंजिनियर, तिकडच्या कारखान्यात कामाला आलेले. त्यांनी बाटली विकत मागितली. म्हातारीने मान हलवली. तिच्या बाटल्या ठरलेल्या गिऱ्हाइकांनाच जायच्या. मग कुणीतरी सहज विचारलं, मुलंबाळं किती? साहेब म्हणाले, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी शहाण्णव सालची.

म्हातारी उठली, आत गेली आणि मला घेऊन आली. तिच्या गावात मूल जन्मलं की त्या सालची एक बाटली बाजूला ठेवतात आणि मुलाच्या लग्नात उघडतात. तिने मला साहेबांच्या हातात ठेवलं आणि त्यांची बोटं वरून घट्ट मिटली. अशी मी कुणालीची झाले.

साहेबांनी टोकावड्याजवळ, माळशेजच्या रस्त्याला लागून बंगला बांधला होता. तिथे माझ्यासाठी एक छोटं थंड कपाट आलं. बंगला राखायला धर्मा होता. खालच्या पाड्यावरचा, चार वाफ्यांचा भात करणारा, साहेबांच्याच वयाचा. पहिल्याच दिवशी साहेब त्याला म्हणाले, "धर्मा, ही कुणालीच्या लग्नाची. आडवीच ठेवायची. उजेड नको, ऊन नको, हलवायची नाही."

"झोपवूनच ठेवायची?"

"झोपवूनच."

"मंग बरा हाय. रडत पन नाय," धर्मा म्हणाला, आणि दोघं हसले.

त्यानंतर धर्मा रोज कपाटाच्या काचेला कान लावायचा. आतली मोटर घुरघुरते का, एवढंच बघायचा. माझ्या अंगावरची अक्षरं त्याला कधी वाचता आली नाहीत. साहेबांनाही धड येत नव्हती, ते नुसतं येतंय असं दाखवायचे.

मागच्या पावसाळ्यात साहेब गेले. डिसेंबरात त्यांचा मुलगा हर्षित आला, बंगला बघितला आणि लाइट तोडून टाकली. कुणी राहत नाही, मग मीटर कशाला? त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझं कपाट बंद पडलं. धर्माने कान लावला, पुन्हा लावला, मग हर्षितला फोन केला. "दादा, ती बाटली..." एवढंच बोलून झालं. "नंतर बोलू, मीटिंगमध्ये आहे." ते ‘नंतर’ काही आलंच नाही.

थंडीचे दिवस निभले असते. पण पुढे चैत्र, वैशाख. धर्मा मला टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन गेला. त्याच आठवड्यात त्याची बायको धोंडूबाई बियाण्याची कणगी भरत होती. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलेली.

"आन इकडं," ती म्हणाली. "माझ्या बियाला जे लागतं तेच हिला. अंधार नि गारवा."

"आडवी घाल गो. उभी नाय."

"तू लय शाना. पोरं मी निजवलीत का तू?"

तिने भाताचा थर केला, मला त्यावर निजवलं, वरून पुन्हा भात ओतला. मग पेंढा आणि वर शेणमातीचं झाकण. तिच्या घरची रीत अशी की बियाण्याची कणगी एकदा लिंपली की पेरणीच्या दिवशीच फोडायची, दिवा लावून, घरच्या बाईने. मधेच फोडली तर बी रुसतं. तिच्या सासूने तिला तसं सांगितलं होतं आणि तिने ते कधी मोडलं नव्हतं.

मित्रांनो, मी फ्रान्सच्या तळघरात राहिले, काचेच्या कपाटात राहिले. पण चहूबाजूंनी कुणी इतकं धरून ठेवलं नव्हतं. कपाटासारखा गारवा तिथे नव्हता, खोटं कशाला बोलू? उन्हाळा माझ्यापर्यंत पोचला. पण तो भातातून गाळून, हळूहळू पोचला.

वैशाखात हर्षित बंगल्याचं गिऱ्हाईक घेऊन आला. कपाट उघडलं, रिकामं. दोघं तडक धर्माच्या अंगणात आले. मी कणगीतून शब्द न् शब्द ऐकला.

"धर्मा, बाटली कुठाय?" बापाच्या वयाच्या माणसाला हा असा अरेतुरे करायचा.

"घरात हाय दादा. कणगीत."

"कशात?"

"भाताच्या बियात ठेवलीय. तिकडं लाइट नव्हती म्हनून..."

"भातात की पोटात?" गिऱ्हाईक हसलं.

"आण मग बाहेर," हर्षित म्हणाला.

धोंडूबाई दारात येऊन उभी राहिली. "आज नाय, दादा. पेरनीला कनगी फोडनार, तवा या. पंधरा दिस ऱ्हायलेत."

"म्हणजे प्यायलात. सरळ सांगा ना! तुम्हा लोकांना दारू राखायला दिली, ही पप्पांचीच चूक."

मग धोंडूबाई बोलली, आवाज न चढवता. "माझा घरवाला पितो, दादा. म्हशाच्या जत्रंला पितो, लग्नात पितो. तुमच्या बापासंगं पन ओट्यावर बसून प्यायलाय. पन दुसऱ्याची ठेव तो नाय पीत."

हर्षितने बंगल्याची चावी मागून घेतली. "पोलिसात देत नाही हे नशीब समज. उद्यापासून येऊ नकोस."

गाडी गेली. धर्मा आत आला, कोयता घेऊन. शेणाच्या झाकणावर त्याची बोटं फिरली.

"फोडतो. नेऊन दावतो त्याला."

"फोड," धोंडूबाई म्हणाली. "वर्साचं बी हाय, फोड. आज म्हनतो कनगी फोडून दाव. उद्या म्हनंल पोट फाडून दाव. तवा काय करशील?"

कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला.

मला त्या क्षणी फुटावंसं वाटलं, मित्रांनो. खरंच. पण फुटून काय झालं असतं? धोंडूबाईचं बी भिजलं असतं आणि पुरावाही वाहून गेला असता.

टोकावड्याच्या नाक्यावर बातमी गाडीच्या आधी पोचली. चहाच्या टपरीवर भगीरथ नावाचा एक जण बसलेला असायचा, त्याला दुसरं काम नव्हतं. "काय रे धर्मा, फ्रान्सची कशी लागली? आमाला नाय ठेवलीस व्हय थेंबभर?" सगळे हसले. धर्माही हसला. घरी येऊन त्याने ते बायकोला हसत सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहाला जायचं बंद केलं. काम गेल्याचं तो कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला, "साहेब असते तर त्यांनी इचारलं पन नसतं गो."

आठ दिवसांनी एसटीतून कुणाली आली. भावाने तिला फोनवर सांगितलं होतं, धर्मा म्हणतो कणगीत आहे, पण तुझी बाटली गेली, विसर. ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली. धर्माला तिच्या समोर यायला तोंड होईना.

"धर्माकाका, बाटली कणगीत आहे ना?"

"हाय, पोरी."

"झालं तर मग."

धोंडूबाई उठली, कोयता घेतला. "तुझी हाय. तू मागशील तर आत्ता फोडते. रीत गेली उडत."

आणि कुणाली म्हणाली, "नको मावशी. पेरणी कधी?"

"रईवारी."

"मग मी रविवारी येते."

एवढंच. तिने झाकण ठोकून पाहिलं नाही, कणगीत डोकावून पाहिलं नाही. भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली आणि परतीच्या एसटीने गेली. आत माझ्या अंगावर भात होता आणि बाहेर धर्मा रडत होता, ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं.

रविवारी सकाळी कुणाली आल्यावर धोंडूबाईने दिवा लावला आणि झाकण फोडलं. पेंढा काढला, ओंजळी ओंजळीने भात सुपात घेतला. चौथ्या-पाचव्या ओंजळीला तिची बोटं माझ्या मानेला लागली. मला निजवलं होतं तशीच मी होते. आडवी.

"घे गो, तुझी झोपाळू," ती म्हणाली.

आधी पेरणी झाली. पालापाचोळा जाळून भाजलेल्या रोपांच्या वाफ्यात, राबात, पावसाआधीच्या कोरड्या धुळीवर बी पडलं, कुणालीनेही दोन मुठी फेकल्या, वाकड्यातिकड्या. मग बांधावर बसून तिने माझं बूच काढायला घेतलं. ते म्हातारं झालं होतं, अर्धं तुटून आत पडलं. धोंडूबाईने धुतलेल्या फडक्यातून माझ्या पोटातलं स्टीलच्या तांब्यात गाळलं. माझ्या फ्रान्सच्या म्हातारीने ते पाहिलं असतं तर शिवी दिली असती आणि मग बहुतेक हसली असती.

पहिली धार धोंडूबाईने बांधावर सोडली. "ही देवाला. ही साहेबांना." नंतर तीन पेले.

धर्माने घोट घेतला आणि विचारात पडला. धोंडूबाईने तोंड वाकडं केलं. "जांभळं टोपलीत इसरल्यावानी लागते. याच्यापायी एवढा तमाशा?"

कुणाली हसता हसता रडायला लागली. खरं सांगते, मी पूर्वीची उरले नव्हते. उन्हाळ्याने मला थोडं दमवलं होतं. पण आंबट झाले नव्हते. जिच्यासाठी ठेवलं होतं तिच्यापर्यंत पोचले होते. पुढच्या महिन्यात तिचं कोर्टात लग्न होतं. तिने ठरवलं होतं, लग्नाच्या मांडवाची वाट न बघता बापाची बाटली बापाच्या मित्राबरोबर उघडायची.

तिने माझा फोटो भावाला पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं, एक वर केलेला अंगठा. मित्रांनो, माणसाचं नाव मातीत घातलं आणि भरपाईला अंगठा! कुणाली संतापली, फोन लावायला लागली. धर्माने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्याला कळलं ना? बास." मला त्याचा राग आला. अजून येतो.

बंगला विकला गेला. नव्या मालकाने आपला माणूस आणला. धर्माचं काम परत मिळालं नाही, हेही सांगून ठेवते. पण पेरणीच्या त्या संध्याकाळी धर्मा मला काखेत मारून टपरीवर गेला, भगीरथपुढे टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "घे, वास घे. मालकिनीनं सवता पाजली." मग चहा मागवला.

मला कुणालीने इथेच, धर्माच्या घरी, ठेवलं. या वर्षीचं भात झोडून झालं तेव्हा धोंडूबाईने निवडक लोंब्यांचं बी माझ्यात भरलं, चिंधीचं बूच लावलं आणि पुन्हा कणगीत निजवलं. हे सगळं मी तिथूनच सांगतेय.

वस्तू जपून वापरा, असं आमच्यासारख्या सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. मी तेवढ्यावर सोडणार नाही. तुमची वस्तू कुणी जपत असेल तर त्या माणसाकडे आधी बघा. कपाट रिकामं दिसलं म्हणून कुणाला चोर म्हणायची घाई होईल, तेव्हा कुणालीसारखं करा. पेरणीपर्यंत थांबा.

आता झाकण ठोकू नका. मी निजलेय आणि माझ्यात बी आहे.