दोर धरणारी

"ए! मागे हो! मरायचंय का?"

तिच्या आरोळीने अख्खी गल्ली दचकली. वकीलसाहेब तेवढे दचकले नाहीत. कानाला फोन लावून, रस्त्यात आडवी बांधलेली लाल पट्टी वाकून ओलांडून ते थेट झाडाखाली आले. वर तिच्या नवऱ्याने नुकतीच कापलेली मांडीएवढी जाड फांदी दोराने खाली येत होती. दोराचे वेढे बुंध्याला आणि टोक तिच्या हातात. तिने सगळं अंग मागे टाकलं. दोर तळव्यातून सरसर घसरला आणि अडला. फांदी वकिलांच्या डोक्यावर हातभर अंतरावर झुलत राहिली.

देवाने माणसाला मान दिली ती वरही बघता यावं म्हणून. वकिलांनी आता कुठे वर बघितलं. माणूस वाचला, दोन्ही हात जोडावेत की नाही? पण नाही.

"ए? मला ए म्हणालीस तू?"

"पट्टी दिसली नाही का तुम्हाला?"

"माझ्याच दारात मला शिकवतेस?" त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "अरे, ही कोण बाई उभी केलीस खाली? बोलायची काही रीत?"

तीही वर बघत राहिली. लग्न झाल्यापासून हा माणूस तिच्या भरवशावर झाडावर चढत आलाय. आता एक शब्द तरी बोलेल.

"जाऊ द्या साहेब," वरून आवाज आला. "बाईमाणूस आहे. तिला काय कळतंय!"

संताप तिच्या मस्तकात गेला, हातात मात्र उतरला नाही. वकील बाजूला सरकताच तिने फांदी अलगद खाली घेतली आणि झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तशी जमिनीवर टेकवली. "असली माणसं आणतात," असं पुटपुटत वकील घरात गेले.

नवरा खाली उतरला. "अगं, कशाला तोंडी लागतेस? अजून ते कडेचं झाड छाटायचंय, तेही त्यांचंच आहे."

"मग त्यांनाच द्या दोर धरायला."

"चिडलीस?"

"छे! मला काय कळतंय!"

"तोंडातून गेलं गं."

"माझ्या तोंडातून गेलं, म्हणून तो माणूस जिवंत आहे. तुमच्या तोंडातून गेलं, त्याचं मी काय करू?"

त्याला तिचा सोललेला तळवा दिसला. तो पाण्याची बाटली घेऊन पुढे झाला. तिने हात ओढून घेतला. "हाताला काही झालेलं नाही. जिभेवर ओता."

कडेच्या झाडाखाली तो कमरेला पट्टा बांधून उभा राहिला. दोर दोघांच्या मध्ये पडलेला. तिने उचलला नाही.

गच्चीतून वकील ओरडले, "अरे, चढतोयस ना? की संध्याकाळ करणार?"

तो बुंध्यावर हात ठेवून थांबला. मग मान वर करून म्हणाला, "साहेब, खाली हिचं चालतं. ही ओरडली की थांबायचं. मीसुद्धा थांबतो. पटत नसेल तर झाड राहू द्या."

गच्चीचं दार धाडकन आपटलं.

"हे तेव्हा बोलायचं होतं," ती म्हणाली. "माझा हात दोरात असताना."

तरीही ती पुढे आली. त्याच्या पट्ट्याची गाठ तिने अशी हिसकली की तो अर्धं पाऊल धडपडला. तिने ती सोडून पुन्हा आवळली, दोर उचलला, बुंध्याला वेढे घातले.

"चढा."

तो चढला. पहिल्या बेचक्यात बसून, मशीनची करवत हातात घेऊन त्याने विचारलं, "करू का सुरू?"

ती दोराकडे बघत उभी राहिली.

वर तो तिच्या हुकमाची वाट बघत होता; करवत बंदच होती.