पाऊण तास आणि शून्य

पैलवानाने विज्ञानाचं पुस्तक टेबलावर असं आपटलं, की चहाचा कप जागचा हलला.

"हे ज्याने लिहिलंय ना, त्याला माझ्यासमोर उभा कर," तो म्हणाला.

समोर त्याची मुलगी बसली होती. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, आणि गेले दोन महिने रोज सकाळी बापालाही. बापाने सामान हलवणाऱ्या कंपनीत बत्तीस वर्षं कपाटं आणि फ्रिज वाहिले होते, पैलवान हे नावही त्याला तिथेच पडलं होतं. आता कमरेने हात टेकले होते. आणखी वर्षभर ओझी उचललीत तर चालायचीही पंचाईत होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कंपनीत मुकादमाची जागा रिकामी होती, पण तिला दहावी पास लागायचं. बाकीचे विषय सुटले होते. विज्ञानात मात्र स्वारी चार वेळा गटांगळ्या खाऊन आली होती. आता ही शेवटची संधी, नाहीतर पुन्हा डोक्यावर कपाट.

आणि दर वेळी दोन मार्कांसाठी अडलं होतं ते एकाच प्रश्नावर. एक माणूस चाळीस किलोचं ओझं डोक्यावर घेऊन अर्धा तास एका जागी उभा आहे, त्याने केलेलं कार्य किती?

"शून्य," मुलगी म्हणाली. "कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. ओझं हललंच नाही, मग विस्थापन शून्य."

"आणि कंबर?"

"कंबर प्रश्नात नाहीये, बाबा."

"मग माणूस कशाला घेतला? खुंटी घ्यायची!"

ओझ्याची बाकीची गणितं त्याला चुटकीसरशी यायची. ऐंशी किलोचं कपाट बारा मीटर चढवलं की नऊ हजार सहाशे ज्यूल, हे तो दात कोरत सांगायचा. घर्षण त्याला तळव्यांनी शिकवलं होतं, आणि गुरुत्वाकर्षणाशी तर त्याचं जुनं वैर होतं. पण शून्य लिहायला हात धजत नव्हता. हमालांचा एक कडक नियम होता: उचललेली वस्तू जागेवर पोचेपर्यंत खाली टेकवायची नाही. टेकवली की अब्रू गेली. एकदा घरमालकीण पर्समध्ये चावी शोधत होती, तेव्हा पैलवान तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाऊण तास कपाट घेऊन उभा राहिला होता. चावी तिच्या गळ्यातच निघाली. हा पराक्रम त्याने चारही उत्तरपत्रिकांत पान भरून लिहिला होता, आणि चारही वेळा तपासणाऱ्याने त्याला नेमकं शून्य दिलं होतं.

मुलगी उठली. पाण्याने भरलेली बादली उचलून, हात लांब करून उभी राहिली. मिनिटभरात तिचा दंड थरथरायला लागला.

"ठेव खाली. हात धरेल," बाप कळवळला.

"बादली वर चढली?"

"नाही."

"तिचा वेग वाढला?"

"नाही गं, ठेव आता!"

"म्हणजे ऊर्जा गेली ती माझी. बादलीच्या पदरात काहीच पडलं नाही." तिने बादली ठेवली आणि मनगट चोळलं. "पुस्तक तुम्हाला कामचुकार म्हणत नाहीये, बाबा. तुमची ताकद फुकट गेली, एवढंच म्हणतंय."

पैलवानाने बादली पायाने बाजूला सरकवली. तो पाऊण तास त्याला आठवला. पहिल्यांदाच त्याचा अभिमान वाटला नाही. स्वतःच्या कमरेची दया आली, आणि स्वतःचाच राग आला.

परीक्षेत प्रश्न आलाच. त्याने 'शून्य' लिहिलं. मग राहवेना, म्हणून खाली जोडलं: 'पण त्या माणसाला ओझं खाली ठेवायला सांगावं.' तपासणाऱ्याने मार्क कापले नाहीत. पैलवान काठावर पास झाला.

मुकादमकीच्या पहिल्याच दिवशी चौथ्या मजल्यावर वॉशिंग मशीन पोचलं, आणि बंद दारासमोर मालक खिसे चाचपू लागला. मशीन धरलेले दोघे हमाल लालबुंद चेहऱ्यांनी ताठ उभे होते. शाबासकीसाठी त्यांनी पैलवानाकडे पाहिलं.

"खाली ठेवा," पैलवान म्हणाला.

दोघे हलेनात. "टेकवायचं?" त्यांच्यातला वयस्कर हमाल चाचरला. "अरे, नियम तूच शिकवलास ना?"

"चुकीचा शिकवला. त्यापायी चार वेळा नापास झालो."

मशीन टेकलं. वयस्कर हमालाने कंबर धरली, दोन श्वास घेतले आणि मशीनकडे ओशाळून पाहिलं.

"यावर बसू का जरा?"

"बस," पैलवान म्हणाला. "कार्य तेवढंच होतंय."