एका घावाचा बर्फ

मी एक म्हातारे सरोवर आहे, मित्रांनो. बैकल माझे नाव, आणि वय कोटींत मोजावे लागते. सैबेरियाची जमीन फाटली, त्या भेगेत मी साचले. ती भेग अजून रुंदावतेच आहे. मधूनच जमीन हादरते. माझी खोली मैलावर गेली आहे, पण मिरवण्यासारखे त्यात काही नाही. इतक्या खोल पाण्याला माया लावू नये.

हिवाळ्यात माझ्यावर दोन-दोन हात बर्फ धरतो. माझ्यातल्या बेटावरची माणसे त्यावरून मोटारगाड्या हाकतात. एप्रिलात ऊन चढले की तोच बर्फ आतून उभ्या सुयांसारखा सुटू लागतो. जाडी तेवढीच राहते, ताकद जाते. म्हणून जाणती माणसे जाडी बघत नाहीत. लोखंडी पहारीने ठोकतात आणि किती घावांत पाणी लागते ते मोजतात.

गेल्या एप्रिलात बेटावरच्या सोदनोमच्या गाईंचा चारा संपला. गवताची गंजी पलीकडच्या काठावर होती. त्याची थोरली बहीण खांडा पहार घेऊन आडवी उभी राहिली. मासे धरणाऱ्यांनी आठवड्यापूर्वी पाडलेल्या भोकात सोदनोमने हात घातला.

"ताई, खांद्यापर्यंत हात गेला, तरी बर्फाची खालची कड लागत नाही!"

"हात घाल चुलीत. घाव किती ते सांग."

"तिकडे गाई हंबरून मरतायत आणि मी इथं ठोकत बसू?"

"एकच घाल रे. माझ्यासाठी."

"परत आलो की दहा घालतो. तू आपला खारा चहा टाक, मीठ जरा बेताचं."

रिवाजाप्रमाणे त्याने माझ्यावर दूध शिंपडले आणि गाडी सोडली. खांडा चिडली. ती उभी होती तिथेच तिने पहार हाणली. पहिल्याच घावात पहार बर्फाच्या आरपार गेली, तिच्या हातातून निसटली आणि माझ्यात बुडाली. खांडा किंचाळत धावली. मीही मोठ्याने तडकले, पण माझे तडकणे तिथे रोजचेच. सोदनोमने मागे वळून पाहिले नाही. पुढच्या क्षणी गाडीखाली बर्फच नव्हता.

आता उन्हाळा आहे. डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव माझे पाणी गाळून काचेसारखे ठेवतात. पाहुणे होडीतून वाकून त्याचे कौतुक करतात. वारा नसला की खांडाही येते, एकटीच. साठ हातांखालची गाडी तिला स्पष्ट दिसते. मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवण्याआधी ठोकून बघत जा. खांडा वाकते तेव्हा मला फार वाईट वाटते, पण मला गढूळ होता येत नाही.